कमी पडलेल्या राखेची कहाणी

ऐक येशूराया, तुझ्या उपासाची कहाणी. बायांनो, दिवा जरा पुढे घ्या, पोरं मांडीवर घ्या, आणि ज्यांना खोकायचंय त्यांनी आत्ताच खोकून घ्या. मी मधे थांबणार नाही.

आटपाट नगर होतं. नगर म्हणायचं ते त्याचा मान राखायला. खरं तर ते खाडीकाठचं गाव. एका अंगाला केळीच्या बागा, एका अंगाला पानवेली, मधोमध पांढरं देऊळ. देवळाला घंटा, घंटेला दोर, आणि दोराला दुमिंग म्हातारा. देवळाची झाडलोट तो करी, मेणबत्त्या तो लावी, गावात कोण कुणाशी बोलत नाही हेही त्यालाच ठाऊक असे.

त्या गावात दोन जावा राहत. थोरली सबीना, धाकटी आंजेल. एक अंगण, एक विहीर, दोन चुली. सबीनाचा नवरा बस्त्याव. तो बाग करी, बोले थोडं, हसे फार. त्यांची एकुलती लेक रेजीन, पलीकडच्या गावात दिलेली. आंजेलचा नवरा पास्कू, बस्त्यावचा धाकटा भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण संसार गोड होता. आंजेल नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापायला, वेणी घालायला, माडाच्या पातीचा क्रूस विणायला सबीनानंच शिकवलं होतं.

सबीना उपासाची मोठी कडक. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. गावानं मटण सोडलं, की ती मासळीही सोडी. गावानं मासळी सोडली, की ती दूध सोडी. गाव एकदा गुडघे टेकी, ती तीनदा टेकी. तिच्या घरची मांजर तेवढे दिवस शेजारी मुक्कामाला जाई. बस्त्याव मांजरीला म्हणे, "मलाही घेऊन जा गो." पण हळूच म्हणे, कारण वाढणारी सबीनाच होती. तुम्ही हसता काय? तुमच्यातही अशी एक बसलीय, मी नाव घेत नाही.

तर एका वर्षी काय झालं? पास्कू तापानं अंथरुणाला खिळला. वैद्य आला, नाडी पाहिली, म्हणाला, "अंगात त्राण उरलं नाही. कोंबडीचा रस्सा पाजा." तो दिवस शुक्रवार, आणि तोही उपासातला. आता आजाऱ्याला उपास माफ असतो, हे देवळात शेंबड्या पोरालाही शिकवतात. आंजेलनं कोंबडी कापली, मिरं ठेचलं, रस्सा चढवला. वास अंगणभर गेला. सबीना ओट्यावर जपमाळ ओढत बसली होती. ती उठली, अंगणाच्या मधोमध उभी राहिली, आणि विहिरीवरच्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "प्रभूच्या शुक्रवारी ज्या घरात कोंबडी शिजते, त्या घरातलं दुखणं जाईल कसं?"

आंजेलनं ते ऐकलं. हातातला डाव हातातच राहिला. तरी तिनं नवऱ्याला रस्सा पाजला, तोंड पुसलं, पांघरूण घातलं. त्याच आठवड्यात पास्कू गेला.

मग पास्कूला पुरलं त्या मातीच्या दिवशी सबीनानं रीतीप्रमाणे जेवण रांधून नेलं. आंजेलनं दार उघडलं नाही. टोप दारात राहिला, कावळ्यांनी उष्टावला. सबीनाला राग आला. मग आंजेलनं अंगणात बांबूचं कुंपण घातलं. सबीनाला आणखी राग आला. आपण काय बोललो ते ती विसरली नव्हती, बरं का. पण ती म्हणे, मी खरं तेच बोलले, आणि खरं बोलल्याची माफी कोण मागतं? असं म्हणत म्हणत वर्ष काढलं. कुंपणाच्या अलीकडून ही पाणी शेंदी, पलीकडून ती शेंदी. रहाट दोघींचाच, पण नजर एकीची एकीला नाही.

वर्ष फिरलं. राखेचा बुधवार जवळ आला.

त्या गावची रीत अशी. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी फादर माडाच्या पातींना आशीर्वाद देत. बाया त्या पाती घरी नेत, त्यांचा क्रूस विणत, देवाच्या तसबिरीमागे खोचत. वर्षभर ती पात घर राखी. मग पुढल्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी दुमिंग टोपली घेऊन दारोदार फिरे. सगळ्या घरच्या सुकलेल्या पाती गोळा करी, देवळामागे एका जाळात घाली, राख चाळून वाटीत भरी. तीच राख बुधवारी फादर सगळ्यांच्या कपाळाला लावत. बागवाल्याच्या पातीची राख मजुराला, भांडखोराच्या पातीची राख शेजाऱ्याला. कुणाची कुणाला गेली, एका देवाला ठाऊक.

दुमिंग सबीनाच्या दारात आला. म्हणाला, "सबीनाबाय, पात द्या."

सबीनानं टोपलीत पाहिलं. वरच एक पात होती, बारीक विणीची. ती वीण तिनं ओळखली. तिचीच शिकवण ती.

"दुमिंगबाबा, ही आंजेलच्या घरची?"

"हो, आत्ताच दिली."

"ही नि माझी एका जाळात जाणार?"

"दरवर्षी जातात की."

"यंदा नाय. कोंबडी शिजली त्या घरची पात ती, तिची राख माझ्या कपाळाला नको. माझं मी बघेन."

"अगो बाय, एकदा राख झाली की कुठली कुणाची कोण ओळखणार?"

"मी ओळखेन," सबीना म्हणाली.

दुमिंगनं टोपली डोक्यावर घेतली नि पुढल्या दारी गेला.

मग सबीनानं काय केलं? आपली पात आपल्या मातीच्या परळात जाळली. एकदा चाळली, दोनदा चाळली, तिसऱ्यांदा मलमलीतून चाळली. बुधवारी पहाटे उठली, न्हाली, आरशापुढे बसली, आणि आपल्याच अंगठ्यानं आपल्याच कपाळावर क्रूस ओढला. रेघ अशी सरळ, की फादरांनाही जमली नसती. देवळात गेली, मिस्सेची प्रार्थना ऐकली. राखेची रांग लागली तशी उठून घरी आली. आपल्याला काय करायचीय ती राख? म्हणून तिथे पुढे काय घडलं, ते तिनं पाहिलं नाही.

संध्याकाळ झाली. गावानं तोंडं धुतली, सगळ्यांची राख निघाली. सबीनाची निघेना. विहिरीच्या पाण्यानं धुतली, निघेना. रिठ्यानं घासली, निघेना. देवळातलं आशीर्वादाचं पाणी आणून लावलं, तरी निघेना. आणि ज्या अंगठ्यानं लावली, तो अंगठाही काळाच राहिला.

बस्त्याव म्हणाला, "बरं झालं. देवानं तुला ठसा मारून ठेवलाय. हरवलीस तर कुणीही परत आणून देईल."

पण बाहेर बाया काय म्हणाल्या? म्हणाल्या, "बघा, बघा! केवढी भक्ती! हिच्या कपाळावरून क्रूस हलत नाही!" सबीनानं ते ऐकलं. पदर पुढे घेणारी बाई पदर मागे घेऊन चालू लागली.

मग पहिला आठवडा गेला. सबीनानं कुंपणापलीकडे डोकावलं. आंजेलच्या कौलांतून धूर नाही. सबीना मनात म्हणाली, "अस्सं! कोंबडी शिजवणारी आता मला उपास करून दाखवणार!" मग सबीनानं तेल सोडलं. तेल सोडलं, तशी कपाळावरची राख गडद झाली.

दुसरा आठवडा गेला. सबीनानं पुन्हा डोकावलं. धूर नाही. "बरं आहे," ती म्हणाली. मग तिनं मीठ सोडलं. मीठ सोडलं, तशी राख खरखरीत झाली. उशीवर मान टेकवावी, तर कपाळ खुपे.

तिसरा आठवडा गेला. सबीनानं पुन्हा डोकावलं. धूर नाही, झाडलोट नाही, विहिरीच्या पलीकडल्या बाजूला पाण्याचा थेंब सांडलेला नाही. सबीनानं दात आवळले, संध्याकाळचं जेवण सोडलं. मग राख जड झाली. प्रार्थनेला मान खाली घातली, की वर उचलवेना.

बस्त्याव पाहत होता. तो हसायचा थांबला. म्हणाला, "अगो, प्रभू रानात चाळीस दिवस उपाशी राहिला, पण शेजारणीशी पैज लावून नाय राहिला."

"तुम्हाला काय कळतंय?" सबीना म्हणाली. तिच्या आवाजातही राख होती.

अशात रेजीन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरले, वेणा आल्या, मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, मुठी घट्ट. घरात आनंदीआनंद. त्या गावची रीत अशी, की बाळाला न्हाऊ घातलं की आजीनं आपल्या अंगठ्यानं त्याच्या कपाळावर क्रूस करायचा. नाव नंतर, दूध नंतर, आधी आजीचा क्रूस. या क्षणासाठी बाया वर्षं मोजतात. सबीनानं तर रेजीनच्या लग्नापासून मोजली होती.

सबीना पुढे झाली. अंगठा उचलला. रेजीननं तो काळा अंगठा पाहिला.

"आये, हात धुऊन ये गो."

सबीना धुऊन आली. अंगठा काळाच.

"आये, नीट धू ना."

सबीना पुन्हा धुऊन आली. अंगठा काळाच.

तिसऱ्यांदा आली. वाकली, तर कपाळावरून राखेचा कण बाळाच्या गालावर पडला. बाळानं असा टाहो फोडला, की सबीना मागे सरली.

"राहू दे आये," रेजीन म्हणाली. तिनं ते मायेनंच म्हटलं, म्हणून जास्त लागलं. "ईस्टरला बाप्तिस्मा आहे. तेव्हा कर."

सबीना केळीच्या बागेत गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. एवढे उपास केले, एवढी गुडघ्यांची सालं काढली, आणि नातीच्या कपाळाला हात लावायची आपली लायकी नाही? ईस्टरपर्यंत हा हात उजळला नाही तर काय करायचं? लेकरू आजीच्या क्रुसावाचूनच वाढायचं का?

मग ती फादरांकडे गेली. प्रभू क्रुसावर गेला त्या उत्तम शुक्रवारची सकाळ होती. देवळातल्या मूर्ती जांभळ्या कापडानं झाकलेल्या, वेदीवर एक फूल नाही. सबीना म्हणाली, "फादर, एवढी राख पुसून द्या."

फादर म्हणाले, "राख मी लावल्याचं मला आठवत नाही."

"मीच लावली."

"आपल्या हातानं आपल्याला?" फादरांनी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. "अगं बाई, मी फादर झालो, पण माझं कपाळ मी कधी भरलं नाही. शेजारच्या गावचे फादर येतात, त्यांच्यापुढे मीही वाकतो. राखेला दुसऱ्याचा हात लागतो. आपल्यापुढे आपणच वाकून कसं चालेल?"

"मग आता काय करू?"

"दुमिंगला विचार. टोपली त्याच्या हातात होती."

मग ती दुमिंगकडे गेली. उत्तम शुक्रवारी घंटा वाजवत नाहीत, लाकडी खडखडं वाजवतात. तेच तो पुसत बसला होता. सबीना त्याच्याजवळ जमिनीवर बसली. गावातली एवढी मानाची बाई जमिनीवर बसली, हे पाहून म्हातारा चपापला.

"दुमिंगबाबा, माझी पात मी दिली नाय, म्हणून काय झालं?"

दुमिंगनं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बाय, त्या बुधवारी राख कमी पडली."

"कमी?"

"आजवर कधी पडली नव्हती. वाटीत उरायची, ती मी देवळाच्या परसात माडाला घालायचो. यंदा एका घरची पात आली नाय, आणि बरोबर एका कपाळापुरती राख कमी पडली."

"कुणाच्या कपाळापुरती?"

"रांगेत शेवटी कोण उभं राहतं? सगळ्यांना पुढे सोडून? तुमची आंजेल."

सबीनाच्या हातातली जपमाळ खाली पडली.

दुमिंग म्हणाला, "फादरांनी वाटी खरवडली. काही नाय. म्हणाले, 'थांब पोरी, उद्या करून लावतो.' पोर म्हणाली, 'नको फादर. प्रभूनं सगळ्या गावाची कपाळं घेतली, माझं वगळलं. बरोबरच आहे. माझ्या चुलीवर शुक्रवारी कोंबडी शिजली, नि नवरा गेला.' तेव्हापासून ती देवळात आली नाय. चूल पेटवत नाय. फादर दोनदा गेले, मी तीनदा गेलो. आतून म्हणते, बरी आहे. दार काय उघडत नाय."

"मला का नाय सांगितलंत?"

"तुमच्या कपाळाकडे बघून भीती वाटायची, बाय," म्हातारा खरं तेच बोलला. "एवढ्या धार्मिक बाईला सांगणार कोण?"

सबीना उठली. तिला एकदम सगळं कळलं. कुंपणापलीकडे धूर नव्हता, तो तिला हरवण्यासाठी नव्हता. पलीकडे एक बाई मरायला टेकली होती, आणि अलीकडे बसून ही तिच्याशी चुरस करत होती! तेल सोडत होती, मीठ सोडत होती. बायांनो, असा उपास देवानं कुठे ठेवावा, सांगा बघू?

मग सबीना धावली. दुपार झाली होती. सगळं गाव क्रुसाची वाट चालायला, चौदा ठिकाणी थांबून गुडघे टेकायला, देवळापुढे जमलं होतं. दरवर्षी सबीना सगळ्यांच्या पुढे असे. आज ती गर्दी कापत उलटी निघाली. अंगणात आली. कुंपणाला फाटक नव्हतं. आंजेलनं ठेवलंच नव्हतं, आणि सबीनानं कधी मागितलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी बांबू ओढले, मोडले, वाट केली, आणि दारात उभी राहिली.

पहिली हाक मारली, "आंजेल, दार उघड. तुझी थोरली जाऊ आलीय." आतून उत्तर नाही.

दुसरी हाक मारली, "आंजेल, दार उघड. फादरांनी बोलावलंय." आतून उत्तर नाही.

मग सबीना उंबऱ्यावर बसली. दाराला डोकं टेकलं. तिसऱ्या वेळी तिनं हाक मारली नाही. हळू आवाजात म्हणाली, "आंजेल, मला भूक लागली होती गो."

आत काहीतरी हललं.

"त्या शुक्रवारी. तुझ्या रश्शाचा वास आला, नि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. एवढी मी कडक म्हणवणारी, एका वासानं विरघळले. मला माझीच लाज वाटली. ती लाज मी तुझ्या अंगणात फेकली. त्यात धर्म नव्हता, खरं काही नव्हतं. नुसती भूक होती. वर्षभर हे मी कुणाला सांगितलं नाय. मलासुद्धा नाय."

मग आतून अगदी बारीक आवाज आला, "जाऊबाय, एक विचारू? रश्शानं गेले का गो ते?"

सबीनाचा ऊर फुटला. "नाय गो माझ्या बाय! तापानं गेला पास्कू. तू पाजलंस म्हणून चार दिवस जास्त राहिला. तोंडाला चव घेऊन गेला. तू केलंस तेच बरोबर केलंस."

कडी वाजली. दार उघडलं.

काय पाहते सबीना? आंजेल उभी, पण नुसती हाडं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मूठभर चुरमुरे पाण्यात भिजवून खाई, तेही आठवलं तर. आणि कपाळ कोरं.

सबीना तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. उपासात हजारदा टेकलेले गुडघे, पण आज पहिल्यांदा दुखले. म्हणाली, "तुझी राख माझ्याकडे राहिलीय. मी पात दिली नाय, म्हणून ती तुला कमी पडली. देवानं तुला वगळलं नाय गो, मी वगळलं."

आंजेल तिच्यासमोर खाली बसली. थोरल्या जावेचा चेहरा वर्षभरानं जवळून पाहिला. आपला अंगठा तिनं सबीनाच्या कपाळावर ठेवला आणि हलकेच फिरवला. जी राख पाण्यानं गेली नाही, रिठ्यानं गेली नाही, आशीर्वादाच्या पाण्यानं गेली नाही, ती त्या अंगठ्याला आली. सबीनाचं कपाळ स्वच्छ झालं. आंजेल तो अंगठा आपल्या कपाळाकडे नेऊ लागली, तोच सबीनानं हात धरला.

"आपल्या हातानं नको गो. मी करून बघितलंय."

मग सबीनानं तिच्या अंगठ्यावरची राख आपल्या अंगठ्यावर घेतली, आणि आंजेलच्या कपाळावर क्रूस ओढला. रेघ वाकडी झाली. राख लावताना फादर म्हणतात तसं म्हणायला गेली, "माणसा, तू माती आहेस..." पुढलं आठवेना. मग ती म्हणाली, "आणि मीसुद्धा, गो."

आंजेल हसली. वर्षात पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडू लागली. सबीनानं तिला पोटाशी धरलं. दोघी पास्कूसाठी रडल्या. त्याच्यासाठी दोघींनी मिळून रडायचं राहूनच गेलं होतं.

मग सबीनानं डोळे पुसले, चूल पेटवली, तांदळाची पेज रटरटत ठेवली. मीठ घातलं, कांदा भाजला. एका ताटलीत वाढून आंजेलपुढे ठेवली.

आंजेल म्हणाली, "एकटीला नाय जाणार. तू जेव."

"मी जेवते ना."

"तुझा उपास? आज उत्तम शुक्रवार, जाऊबाय. संध्याकाळचं जेवणसुद्धा सोडलंस तू, कुंपणापलीकडून ऐकलंय मी. घेतलेलं व्रत मोडलं तर पाप लागेल."

"लागू दे. अर्धं तुला, अर्धं मला."

आणि बायांनो, त्या गावातली सगळ्यात कडक उपास करणारी बाई उत्तम शुक्रवारी भर दुपारी जावेच्या ताटलीतून पेज भुरकू लागली. मिठाची चव जिभेला लागली, तसे तिचे डोळे मिटले.

तेवढ्यात रस्त्यावरून क्रुसाची वाट चालली होती. पुढे दुमिंग खडखडं वाजवत, मागे फादर, मागे गाव. लोकांनी पाहिलं, आंजेलच्या कौलांतून धूर निघतोय. उघड्या दारातून दोघी जावा दिसताहेत, तोंडं चालू आहेत. एक बाई कुजबुजली, "उत्तम शुक्रवारी?" दुसरी म्हणाली, "आणि कोण, तर सबीना?"

फादरांनी मोडलेलं कुंपण पाहिलं. आंजेलच्या कपाळावरचा वाकडा क्रूस पाहिला. ते थांबले, गुडघे टेकले. मग गावानंही टेकले. फादर म्हणाले, "आजचं एक ठिकाण इथेच होतं. चला पुढे." आणि दुमिंग खडखडं वाजवत पुढे निघाला, पण हळू, जेवणाऱ्यांना त्रास नको म्हणून.

मग शनिवार गेला. रविवार उजाडला. ईस्टर आला. मूर्तींवरचं जांभळं कापड उतरलं, वेदीवर मोगरा चढला, आणि दुमिंग दोराला असा लोंबकळला की घंटा खाडीपलीकडे ऐकू गेली. नव्या नव्या कपड्यांत गाव देवळात आलं. रेजीन बाळाला घेऊन बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभी राहिली.

फादरांनी विचारलं, "बाळाची धर्ममाता कोण?"

रेजीननं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आंजेल सगळ्यांच्या मागे, खांबाआड उभी होती. सवयच ती. रेजीन तिथवर चालत गेली आणि बाळ तिच्या हातात ठेवलं.

आंजेल घाबरली. "मला कशाला गो? माझी मांडी रिकामी. मला सांभाळायची सवय नाय."

"काकी," रेजीन म्हणाली, "रिकामी आहे म्हणूनच तर. भरलेल्या मांडीत हिला जागा कुठे मिळणार?"

आंजेल बाळ घेऊन कुंडापाशी आली. फादरांनी पाणी घातलं. बाळ रडलं नाही, नुसतं तोंड वाकडं केलं. आता आजीची पाळी. सबीना पुढे झाली. अंगठा उजळला होता, कपाळ उजळलं होतं. एवढे दिवस ज्या घटकेची वाट पाहिली, ती घटका आली. तिनं अंगठा उचलला, आणि तिथेच थांबली. मग आंजेलचा हात धरून तिनं पुढे आणला.

"आधी तू," ती म्हणाली. "माझं मग करते."

आंजेलनं बाळाच्या कपाळावर क्रूस केला. बाळानं चटकन तिचं बोट मुठीत धरलं, आणि सोडीना. फादर थांबले, गाव थांबलं, सबीना हात वर धरून उभी राहिली. पण बाळ काही त्या बोटाला सोडीना. शेवटी बस्त्याव म्हणाला, "असू दे गो. त्यांचं होऊ दे आधी." आणि तो पुन्हा हसू लागला.

जिची राख अडली, तिला राख मिळो. जिचं दार अडलं, तिचं दार उघडो. जिची मांडी रिकामी, तिच्या मांडीत लेकरू खेळो. आंजेलला प्रभुराया जसा पावला, तसा तुम्हाआम्हां सगळ्यांना पावो. उपास धरू, पण शेजारणीच्या चुलीची विचारपूस करून धरू. ही साठां उत्तरांची कहाणी, चाळीस उपासांची बोली, प्रभूच्या पांचा घायीं सुफळ संपूर्ण.